धूळ आणि काकी

डिचोलीत आमच्या शेजारच्या काकी पाहुण्याला बसा म्हणायच्या आधी खुर्ची पुसतात. बोलता बोलता खिडकी पुसतात, आणि समोरून खनिजाचा ट्रक गेला की पुन्हा पुसतात. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींनी हवेतली धूळ पकडायला मलम फासलेला पांढरा पुठ्ठा त्यांच्याच ओसरीवर टांगला.

आठवड्याने आम्ही गेलो, तर पुठ्ठा लख्ख!

"मळलो हुतो गे, पुसून ठेवलंय," काकी कौतुकाने म्हणाल्या.

मुलींचे चेहरे उतरले. मी प्रयोग समजावून सांगितला, तशा काकी ओशाळल्या. "परत लावा. आता हात लावूचंय नाय."

त्यांनी शब्द पाळला. शाळेत जाता-येता मला दिसायचं, फडकं मुठीत घट्ट धरून काकी पुठ्ठ्यासमोर बसलेल्या असत.

पुठ्ठा उतरवला तेव्हा तो लालभडक झाला होता. काकींनी तो हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"सासू मरेपर्यंत म्हणायची, हिका घर साफ ठेवूक जमणा नाय," त्या हळूच म्हणाल्या. "बाई, एवढी धूळ येत हुती तर! माझ्या हातात काय खोट नव्हती."