भिकुबाईची शस्त्रसंधी

वैशाखात यंदा आभाळाचं डोकं फिरलं होतं. सकाळी ढग यायचे, गुरगुरायचे, धुळीवर दोन थेंब थुंकायचे आणि सातपुड्याकडे पळून जायचे. मग दुपारी असं ऊन पडायचं, की बांधावरचा सरडासुद्धा एक पाय उचलून उभा राहायचा. धानोऱ्याच्या शिवारात भिकुबाई मात्र दिवस उगवायच्या आत राखणीच्या माळ्यावर चढलेली असे. उन्हाळी बाजरी दुधात आली होती. आणि कणीस दुधात आलं की ते मालकाचं राहत नाही, पाखरांचं होतं. मालकानं ते सकाळ-संध्याकाळ नव्यानं जिंकून घ्यायचं असतं.

पदर खोचलेला, ओटीत दगडाचे गोफणगुंडे, हातात अंबाडीची गोफण. "हाऽऽ रे हाऽऽ!" म्हणून तिनं गोफण डोक्याभोवती गरगरवली, की एक दोरी सुटून 'फाट्' असा आवाज निघे आणि वावराच्या पार टोकाला चिमण्यांचं आख्खं गाठोडं हवेत उधळे. बाकी दगड कणसाला लागायचा नाही. दगड मारायचा तो पाखराला नव्हे, पाखराच्या मनाला, असं तिचं शास्त्र.

तिच्या नवऱ्यानं, लोटननं, तिला लग्नाआधी पहिल्यांदा पाहिलं तेही गोफणीच्या मागेच. तापीकाठच्या तिच्या माहेरी तो कुणाच्या तरी लगीनघाईत गेला होता. शेताच्या वाटेनं चालताना सणसणत एक गोफणगुंडा आला आणि त्याची टोपी घेऊन गेला. केसाला धक्का नाही. "डोकं वाचलं," असं त्याला तेव्हा वाटलं. पुढं तिच्याशीच लग्न झालं, आणि डोकंही गेलं.

ही बाजरी विकायची नव्हती. घरच्या बाजरीची भाकर वर्षभर चुलीवर पडली पाहिजे, एवढीच भिकुबाईची या जगाकडे मागणी होती. बाजारचा आटा म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास, असं ती म्हणे. शेजारणींना हा तोरा वाटे. पण दुष्काळाच्या सालातही तिनं हा तोरा मोडू दिला नव्हता. आता तो मोडायला निघाला होता तिचाच पुतण्या.

बांधापलीकडची बाजरी भूपेंद्रची. लोटनच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. त्यानं फवारणीचा ड्रोन आणला होता आणि गाव त्याला 'पायलट' म्हणू लागलं होतं. पपईवर औषध फवारायचं ते यंत्र. पण एके सकाळी त्यानं ते रिकामंच बाजरीवरून फिरवलं आणि काय! चिमण्या, पोपट, सगळी फौज भुर्रकन उठली. राखणीला माणूस नको, घसा फोडायला नको. भूपेंद्र सावलीत उभा राहून दोन अंगठ्यांनी आभाळ हाकू लागला.

पण उठलेली पाखरं काही मुंबईला जात नाहीत. ती बांध ओलांडून भिकुबाईच्या बाजरीत उतरली.

"भूप्या, तुन्हा पाव्हना मन्हा वावरमा काबरं धाडस रे?" पाहुणे इकडं का धाडतोस म्हणून ती माळ्यावरून ओरडली.

"पाखरेस्वर मन्हं नाव लिखेल शे का, मोठी माय?" तो सावलीतून हसला.

नाव लिहिलेलं नव्हतं हे खरं. म्हणून मग भिकुबाईनं उगवतीकडून गोफण चालवली आणि पाखरं पुन्हा त्याच्या कणसांवर बसवली. त्यावर भूपेंद्रनं ड्रोनला खेळण्यातला भोंगा बांधला. तिनं बांधावरच्या निंबाला तेलाचे रिकामे डबे टांगले. वारा आला की असा खणखणाट उठे, की पाखरं तर सोडाच, भूपेंद्रची म्हैस दूध चोरू लागली. मग भूपेंद्रनं ड्रोन थेट तिच्या माळ्यावरून नेला. पंख्यांच्या वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर उडाला, आणि चहाचा पेला खाली जाऊन पडला.

चहा सांडला, हे मात्र फार झालं होतं.

नेमकं याच आठवड्यात देशाच्या सीमेवरही विमानं उडत होती. त्या युद्धाची खबर भिकुबाईकडे लोटनमार्फत येई. लोटन शाळेत शिपाई होता. जन्मभर हेडमास्तरांच्या सूचना वर्गावर्गांत नेऊन नेऊन शुद्ध मराठी त्याच्या जिभेला चिकटली होती. घरात भांडतानाही तो कधी कधी "सदर बाब" म्हणे. आता निवृत्त होऊन दिवसभर टीव्हीसमोर बसून तो वरिष्ठ अधिकारी झाला होता. सकाळी डबा घेऊन आला, तो माळ्याच्या पायथ्याशीच सुरू झाला.

"ऐकलं का? आपल्या विमानांनी अचूक प्रहार केला. मर्यादित स्वरूपाचा. मोजूनमापून. संघर्ष चिघळू नये असा हेतू आहे."

"आवो, भाकर काढा पहिले. मोजीमापी म्हंजे काय?"

"म्हणजे जेवढं आवश्यक, तेवढंच मारायचं. अधिक नाही."

भिकुबाईनं भाकर मोडली, कांदा बुक्कीनं फोडला. "मारनारा मोजस. मार खानारा मोजस का?"

लोटननं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. याचं उत्तर टीव्हीवरच्या आठ चौकटींतल्या आठ जणांकडेही नव्हतं, पण ते निदान ओरडत तरी होते.

ती चावत राहिली, मग म्हणाली, "तठे सीमावर बी बाजरीच पेरतस ना?"

"राजस्थानाकडं पेरतात."

"मंग आते तठली पाखरं कोन हाकलस?"

"सगळ्यांना घरात बसायला सांगितलंय."

वर ढग गुरगुरला, तसं दोघांनीही एकदमच आभाळाकडं पाहिलं. नुसता ढगच होता.

मग तिनं सांडलेल्या चहाची कथा सांगितली आणि ओटीतला एक गुळगुळीत गुंडा काढून दाखवला. "हाऊ देखा. याच्यावर भूप्याना डरोननं नाव शे."

लोटननं हातातला घास खाली ठेवला. "वेडेपणा करू नकोस! आज तू यंत्र पाडशील, उद्या तो माळा पाडेल, परवा भाऊबंद काठ्या घेऊन येतील. पहिला दगड आपल्या हातात असतो, दुसरा नसतो. दम धर. सध्या दगड बांधाच्या अलीकडेच पडला पाहिजे. योग्य संधी आली की मी स्वतः येऊन सांगेन."

असं तो म्हणाला खरा, पण ते फक्त तिला शांत करायला. नवरे असं पुष्कळ बोलतात. बायका ते लक्षात ठेवतात.

या लढाईत एक रस्ता मात्र उघडा होता. दोन्ही घरांमधल्या भिंतीवरून भाजीची वाटी जात-येत होती. भूपेंद्रची बायको हेमांगी डुबुकवड्या करी, वाटी इकडे येई. भिकुबाई कैरीची चटणी वाटे, तीच वाटी तिकडे जाई. रिकामी वाटी परत करायची नाही, ही रीत लढाईपेक्षा जुनी. शनिवारी दुपारी शेवभाजीची वाटी देताना हेमांगी हळूच म्हणाली, "मोठी माय, मी त्यास्ले सांगी दिधं. आजपाईन डरोन बांध वलांडाव नही. तुम्ही बी ते डबा सोडी ल्या ना. म्हैस आटी जाई."

"सकाय सोडी लिसू," भिकुबाई म्हणाली. म्हशीशी तिचं वैर नव्हतं.

झालं, मिटलं. असं दोघींना वाटलं.

दिवस कलला. पाखरांची शेवटची चराई या वेळची. भिकुबाई माळ्यावर उभी होती. भूपेंद्र बोलल्याप्रमाणे ड्रोन आपल्याच बाजूनं फिरवत होता, बांधापाशी आला की गुमान वळवत होता. तेवढ्यात अवकाळीची एक वावटळ उठली. ड्रोन कलंडला, झोकांड्या खात निंबाच्या अलीकडे, भिकुबाईच्या हद्दीत आला. भूपेंद्र बिचारा दोन्ही अंगठे दाबून त्याला मागं ओढत होता. पण माळ्यावरून अंगठे दिसत नाहीत, ड्रोन दिसतो.

"खोटारडा!" भिकुबाई पुटपुटली. तरी तिनं हात आवरला. नवऱ्यानं दम धर म्हटलं होतं.

आणि त्याच वेळी गावाकडून लोटन पळत येताना दिसला. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात टोपी, ती उंच हलवत. आनंदानं त्याचा आवाज चिरकला होता.

"शस्त्रसंधी! ऐकलं का? शस्त्रसंधी झाली! शस्त्रसंधी!"

शस्त्र तिला माहीत होतं, दसऱ्याला पुजतात ते. संधीही माहीत होती. तिचीच तर ती वाट पाहत होती.

गोफण फिरली. एकदा, दोनदा. फाट्!

एवढं मोठं यंत्र, पण आवाज अगदी बारीक झाला, सुपारी फुटल्यासारखा. ड्रोननं स्वतःभोवती गिरकी घेतली, एक पंख खाली टाकला आणि बाजरीत जाऊन बसला, अंड्यावर कोंबडी बसावी तसा.

भूपेंद्र बांध ओलांडून धावत आला. "मोठी माय! हाई काय करं? मी तं माघारी लई जाई ऱ्हायंतू!"

"तुन्हा आबानी सांगं!"

"मी?" लोटन धापा टाकत पोचला होता. "मी तर थांबायला सांगत होतो! शस्त्रसंधी म्हणजे युद्ध थांबलं!"

"थांबनं ते 'थांबा' म्हना ना! 'थांबा' म्हनाले काय जीभ झिजस तुमनी?"

"अगं, शब्दच तो आहे! संधी म्हणजे—"

"संधी म्हंजे माले माहीत शे! तळोदाना बाजारमा तो साडीवाला भोंगावर 'सुवर्णसंधी, सुवर्णसंधी' वरडस, तव्हय तो काय दुकान बंद करस?"

जन्मभर लोटननं शुद्ध मराठीची ओझी वाहिली होती. आज पहिल्यांदा ते ओझं त्याच्या पायावर पडलं.

पण भूपेंद्रला हसू येत नव्हतं. त्यानं मोडका पंख पाहिला आणि त्याचे डोळे लाल झाले. तो माळ्याच्या खांबाला भिडला. "हाऊ माळाच उखडी टाकसू आते!" खांब करकरला. भिकुबाईच्या हातात दुसरा गुंडा आला. लोटन मध्ये उभा राहिला आणि त्याला एकही शब्द सुचेना, शुद्ध नाही की अशुद्ध नाही.

त्या गप्प क्षणात एक आवाज येऊ लागला. कुरुकुरु, कुरुकुरु. ड्रोन बंद, भोंगा बंद, गोफण थांबलेली, वावटळही निघून गेलेली आणि डबेही मुके. पाखरांना एवढी शांतता आठवडाभर मिळाली नव्हती. आख्ख्या शिवारातल्या चिमण्या आणि पोपट दोन्ही वावरांवर पसरले होते, बांधाच्या इकडे आणि तिकडे, काही भेद न करता. कणसं वाकत होती, दुधाचे दाणे फुटत होते. बघता बघता वर्षाची भाकर जात होती.

भिकुबाईनं ते पाहिलं. खांब धरलेला पुतण्याही पाहिला.

"भूप्या, माळा मंग उखड," ती म्हणाली. "पहिले वर चढ."

तो चढला. तिनं कमरेची दुसरी गोफण त्याच्या हातात कोंबली. लहानपणी तिनंच त्याला शिकवलं होतं, पण अंगठ्यांना आता दुसरी सवय लागलेली. त्यानं दात-ओठ खाऊन गोफण फिरवली आणि दोरी भलत्याच वेळी सोडली. गुंडा पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि खाली उभ्या लोटनची टोपी घेऊन बाजरीत नाहीसा झाला.

लोटननं डोकं चाचपलं. शाबूत होतं.

आधी भिकुबाईला हसू फुटलं. ती खांबाला धरून हसली, माळा गदगदा हलला. मग भूपेंद्र हसला. लोटन हसला नाही. तो टोपी शोधत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मग तिघं मिळून "हाऽऽ रे हाऽऽ!" करत अंधार पडेपर्यंत ओरडले. खूप गेलं, पण खूप वाचलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्र मोटारसायकलवर निघाला. मागं हेमांगी, तिच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेला ड्रोन, एखादं तापलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तसा. लोणखेड्याला कॉलेजची पोरं असली यंत्रं दुरुस्त करतात म्हणे. तोवर दोन्ही वावरं भिकुबाईच्या एकाच माळ्याखाली आली होती. तिनं पहाटेच निंबावरचे डबे सोडून ठेवले होते.

लोटन चहा घेऊन आला. आज तो माळ्याखाली थोडा घुटमळला, घसा खाकरला, आणि कितीतरी वर्षांनी घरच्या बोलीत बोलला. "काल रातले सीमावर परत डरोन उडनात म्हने. थांबनं म्हने, मंग परत उडनात, मंग परत थांबनं."

भिकुबाईनं चहाचा एक घोट घेतला. या वेळी सांडला नाही.

"तेस्ले बी कोनीतरी शुद्ध मराठीमाच सांगं व्हई," ती म्हणाली.

तेवढ्यात भूपेंद्रच्या कोपऱ्यात एक थवा उतरला. तिनं पेला खाली दिला, ओटीत हात घातला, पदर खोचला.

"हाऽऽ रे हाऽऽ!"

पहिला गुंडा बांधापलीकडे गेला, दुसरा अलीकडे.