पोत्यातला उतारू

भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता, त्या काळी रत्नागिरीहून पलीकडे जायचं तर नावाडी भागोजी ताऱ्याच्या होडीवाचून इलाज नसे. माणसं, आंब्याच्या करंड्या, माहेराला निघालेल्या लेकी, सगळ्यांना तो पोचवी. वर्षाकाठी पाच-सात वेळा एखादं पोतंही असे. आत काय आहे ते कुणी सांगत नसे आणि भागोजी विचारत नसे. पोतं मात्र कण्हत असे.

नकोसं झालेलं कुत्रं पोत्यात घालून खाडीपार सोडायचं, ही तिकडची जुनी रीत. वाट दिसलेली नाही आणि मध्ये एवढं पाणी, म्हणून ते परत येत नाही. सोडणारे काही राक्षस नव्हते. कुणी मुंबईला गिरणीत निघालेला, कुणाच्या कुत्र्यानं शेजारच्या कोंबड्या मारलेल्या, कुणाची नवी सून कुत्र्याला भिणारी. परतीच्या खेपेला मात्र झाडून सगळे पाण्याकडे बघत बसत. रिकामं पोतं पायाखाली दाबलेलं असे.

भागोजीचा स्वतःचा कुत्रा तांबू. विटकरी रंगाचा, एक कान कायमचा मोडलेला. पिल्लू होता तेव्हापासून तो होडीच्या पुढच्या टोकाला बसायचा. 'बस' म्हटलं की बसायचा आणि 'चल' म्हटल्याशिवाय हलायचा नाही. इतका शहाणा की भागोजीला त्याचा गर्व होता, आणि तो गर्व लपवायची अक्कल त्याला नव्हती. पण एकदा तांबूनं अंग झटकलं ते नेमकं एका बड्या माणसाच्या धुवट धोतरावर. "उद्यापासून होडीत कुत्रं दिसता कामा नये," असा हुकूम सुटला.

मग तांबू घरी उंडिणीच्या झाडाला बांधला गेला. जन्मभर काम केलेला जीव, दिवसभर बांधून घातल्यावर करणार काय? तो रडे, दावं तोडे. एक दिवस तुटलेल्या दाव्यासकट तो शेजारच्या तुळसाच्या अंगणात शिरला आणि तिनं वाळत घातलेली सुकी मासळी फस्त केली. तुळसानं आकाशपाताळ एक केलं. भागोजीची बायको काशी नुकती बाळंत झालेली, ती रडकुंडीला आली. भागोजीचंही डोकं फिरलं. जे चारचौघं करतात तेच त्यानं केलं. पोतं आणलं.

बाकीचे कुत्रं सोडून येत आणि पुन्हा महिनोन् महिने त्या काठाला फिरकत नसत. भागोजीला दिवसातून आठ वेळा तिथंच लागायचं होतं, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. दुपारच्या खेपेला तांबू पलीकडच्या धक्क्यावर हजर. शेपटी हलवत, जणू धन्यानं नवी कामगिरीच सोपवली आहे! भागोजीच्या तोंडातून एवढंच निघालं, "बस हितं." तांबू पायरीवर बसला.

तेव्हापासून रोज तेच. प्रत्येक खेपेला तांबू उठून उभा राही, डोळ्यांत डोळे घालून 'चल' ऐकायची वाट बघे. संध्याकाळी शेवटच्या खेपेला भागोजी त्याला भाकरी घाली आणि म्हणे, "बस." आणायचा तर होता. पण पोत्यात घालून नेलेला कुत्रा मांडीवर घेऊन आणला तर धक्क्यावरची माणसं काय म्हणतील? तुळसा काय म्हणेल?

घरी काशी विचारी, "दिसला काय वो?"

"हाय. बसलाय."

ती जास्तीची भाकरी फडक्यात बांधून देई. 'आणा त्याला' असं ती म्हणेल म्हणून भागोजी थांबला होता, आणि तो आपणहून आणील म्हणून ती थांबली होती. दोघांनाही तो हवा होता. असे तीन महिने गेले.

आषाढी अवसेला उधाण आलं, वर डोंगरात पाऊस कोसळला आणि होडीची ये-जा बंद पडली. भागोजी काठावर उभा राहून पलीकडे बघे. पावसाच्या पडद्याआड विटकरी ठिपका दिसे. चार दिवस दिसला. पाचव्या दिवशी दिसला नाही.

ये-जा सुरू झाल्यावर पहिल्या खेपेला होडीत एकही उतारू न घेता तो गेला. पलीकडच्या धक्क्यावर चहा विकणारी मथुरा त्याला बघून पदरानं डोळे पुसू लागली.

"किती हाका मारल्या रे त्याला! खोपीत ये म्हटलं. पाणी पायरीवर चढलं तरी उठला नाय. तू बस म्हणालावतास ना?"

काशीला सांगताना भागोजी लहान मुलासारखा रडला.

त्यानंतर त्याच्या होडीत पोतं कधी चढलं नाही. कुत्रं न्यायचं तर मांडीवर घ्यायचं, आणि पलीकडे भागोजीची पुढची खेप येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं. मग काय ते ठरवायचं. लोक चिडत, शिव्या देत. पण दुसरी होडी होती कुठं?

दहा-बारा वर्षांनी धाकू नावाचा एक कुणबी काळं कुत्रं घेऊन आला.

"कोंबड्या मारतो," तो म्हणाला.

"दिवसभर बांधलेला असतो?"

"मग काय करू? मी शेतावर असतो."

"त्याला ने की शेतावर. बांधावर बसंल. काम नसलं की कुत्रं बिघडतं. माजाबी तसाच बिघडला." शेवटचं वाक्य तो वल्ह्याशीच बोलला.

धाकू पलीकडे उतरून कुत्र्याजवळ बसला. भागोजी खेप करून परतला तेव्हा कुत्र्यानं धाकूच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली होती. धाकू उठून एकटाच होडीत चढला. कुत्रा पायरीवर उभा, नजर धाकूवर.

भागोजीनं वल्हं उचललं नाही. "जायाच्या आधी त्याला काय ता सांग," तो म्हणाला. "बस म्हण, नायतर चल म्हण. तू सांगशील ता तो ऐकणार हाय."

धाकूनं बाजूला सरकून जागा केली. "चल," तो कसाबसा म्हणाला.

कुत्र्यानं उडी घेतली ती अर्धी पाण्यात, अर्धी होडीत, आणि अंग झटकून सगळ्यांना भिजवलं. कुणी ब्र काढला नाही. भागोजी कितीतरी वेळ तोंड पुसत राहिला.

त्या संध्याकाळी शेवटच्या खेपेला पलीकडच्या धक्क्यावर उतारू चढले, तरी होडी हलेना. मथुरानं वर पाहिलं. भागोजी रिकाम्या पायरीकडे वळून उभा होता.

"चल रे तांबू," तो हळूच म्हणाला, आणि एक जण बसेल एवढा वेळ थांबून त्यानं वल्हं मारलं.