दुपट्ट्याखालचा हात

"तोंड बंद, हात इकडे," असं म्हणत दलालमामा खांद्यावरचा दुपट्टा समोरच्याच्या हातावर टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. बैलबाजारातली ही बोली तुम्हीही पाहिली असेल. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही. सौदा फिसकटला तरी कुणाची इज्जत जात नाही. मात्र आतलं बाहेर सांगणाऱ्या दलालाला पुन्हा कुणी हात देत नाही.

बाबा किरायाची बैलबंडी हाकायचे. एक बैल दगावला तेव्हा बंडी कितीतरी दिवस अंगणात पडून होती. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि मी दोन पातळांवर वर्ध्याला कॉलेज करायची. मामांनीच ओळखीनं बैल मिळवून दिला. त्या बैलाच्या जिवावर मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते.

पुढचं तसं सांगता येत नाही.

लग्नही मामांनीच जुळवलं. मुलगा कचेरीत कारकून. बैठकीत त्याचे वडील चारचौघांत म्हणाले, "आमाले काईच नको. पोरगी द्या फक्त." मग मामांचा दुपट्टा पसरला. त्याखाली आधी मुलाच्या वडिलांचा हात गेला, नंतर बाबांचा. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पदवीधर. माझे दात तेवढे कुणी पाहिले नाहीत.

ठरल्यातलं उरलेलं यावं म्हणून सासरी उपाशी ठेवणं झालं, मारणं झालं. शेवटी सासऱ्यांनी मला माहेरच्या, कारंज्याच्या बसमध्ये बसवून दिलं. मी कोर्टात जायचं ठरवलं. वकिलांनी विचारलं, मागणी ऐकली कुणी? कुणीच नाही. तोंडानं तर ते काही मागतच नव्हते. बाबा सोडले तर जाणणारा माणूस एकच, मामा.

बाबा मामांकडे जायला तयार नव्हते. मीच गेले. मामा बराच वेळ दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारत, सोडत राहिले. मग म्हणाले, "तुह्या बापाचा हात कापत होता, पोरी. बैल घेतानी नव्हता कापला. मले समजलं होतं. तरी म्या सौदा तोडला नाई."

तक्रार दाखल करून घेण्याआधी वर्ध्याच्या कोर्टात त्यांची जबानी झाली. काय ठरलं होतं, असं मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारताच मामा सवयीनं दुपट्टा काढून कोर्टाच्या कारकुनाच्या हाताकडे वळले. सगळे हसले. मीही हसले, आणि लगेच लाजले. साहेब म्हणाले, तोंडानं सांगा. मामांनी घाम पुसला.

"पाच हजार अन् स्कूटर. माह्याच दुपट्ट्याखाली." मग म्हणाले, "बैलाचे दात तरी पायतो आमी, साहेब. पोराचे कोनीच नाई पाह्यले."

या वेळी कुणी हसलं नाही. माझी आणि बैलाची बोली एकाच फडक्याखाली झाली, हे आता कागदावर आलं होतं. बाबा बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते.

सासरचे तक्रारच रद्द करून घ्यायला नागपूरला हायकोर्टात गेले. कुणी शब्द बोललं नाही, बोटं दाबणं म्हणजे मागणी नव्हे, असं त्यांच्या वकिलांचं म्हणणं. न्यायमूर्ती म्हणाले, खरंखोटं साक्षीपुराव्यानं ठरेल, त्यासाठी तक्रार रद्द करता येणार नाही. इंग्रजीतलं ते मी मामांच्या कानात सांगितलं.

"म्हंजे आपली राह्यली?"

"राहिली, मामा."

कारंज्याच्या बाजारात मात्र मामांचं काही राहिलं नाही. धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून ते दर बाजारी कडुलिंबाखाली येऊन बसत. "हात इकडे" म्हणाले की लोक हसून पुढे जात. कोर्टात सांगशील का मामा, असंही कुणी विचारी.

निकाल लागायच्या आधीच ते गेले. त्यांच्या सुनेनं तोच दुपट्टा अंगावर पसरला होता. मी त्याखाली हात घातला आणि त्यांची बोटं धरली.

तोवर खटला सुरू झाला होता. सासरे आणि नवरा दर तारखेला आरोपी म्हणून उभे राहत होते.