वीतभर कोरी तार

मीटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे ग्रीस्या म्हणत. हे नाव ज्यानं चिकटवलं, त्या थोरल्या मिस्त्रीवर त्यानं एकोणीस वर्षं डूख धरला होता. माफबिफ करणं मोठ्या मनाच्या लोकांचं काम. याचं मन मीटरच्या डबीएवढं, पण त्यातून काही सांडत नसे.

झालं होतं असं. दोघं ज्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, तिथल्या मालकांच्या जुन्या, गोल पाठीच्या गाडीचा वेगाचा मीटर बंद पडला. उघडला, तर आत ग्रीसचा चिखल. "यानंच भरलं," म्हणत मिस्त्रीनं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं आणि मालकांनी त्याच दुपारी त्याला घरी बसवलं. पुढे बाजारात बायकोलाही 'ग्रीस्याची बायको' अशी हाक येऊ लागली. पहिल्यांदा आली तेव्हा ती भाजीची पिशवी तशीच टाकून घरी आली होती.

आता तीच गाडी त्याच्या दुकानासमोर उभी होती. जुने मीटर उघडणारा दुसरा कुणी उरला नव्हता, म्हणून मिस्त्री नाक मुठीत धरून आला होता. मागच्या सीटवर म्हातारे मालक.

"काटा नुसता उड्या मारतोय, ग्रीस्या," मिस्त्री म्हणाला.

या गाडीची कायमची वाट लावायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. चाकांचा वेग मीटरपर्यंत नेणारी पिळाची तार त्यानं नळीतून ओढून काढली आणि बघतच राहिला. शेंड्यापर्यंत ग्रीस! वाट मिस्त्रीनं आधीच लावून ठेवली होती.

त्याला आतून उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र भोळा.

"तार कुणी बसवली, मिस्त्री?"

"कुणी म्हणजे? मीच! पहिल्या दिवसापासून हिच्या तारेला दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही! आणि ग्रीस पार टोकापर्यंत लावतो. चिकटूपणा नाही आपल्यात."

त्यानं तार मालकांच्या खिडकीशी नेली. "मालक, तार फिरली की ग्रीस पिळावरून वर चढतं आणि मीटरमध्ये शिरतं. म्हणून वरची वीतभर कोरी ठेवायची. तेव्हाही असंच शिरलं होतं."

मालकांनी तारेच्या शेंड्यावरून बोट फिरवलं, ते ग्रीसनं माखलं. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुसा, मिस्त्री," त्यानं फडकं पुढे केलं. "वीतभर. मोजून."

मिस्त्रीनं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "पुसा."

मिस्त्री मान खाली घालून पुसू लागला. दया येईल असं वाटलं होतं, पण कसली दया? जीव अगदी गार झाला. मग त्यानं मीटर धुतला, तारेला खालून बेताचं ग्रीस लावलं आणि गाडी फिरवून आणली. काटा चाळीसवर गप्प उभा.

"परत ये कामाला," मालक म्हणाले. "माझं चुकलं."

"नको मालक. इथंच बरा आहे."

गाडी वळणाआड गेली मात्र, त्यानं वर्कशॉपमधल्या रंगाऱ्याला फोन लावला, सगळं मीठमसाला लावून सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला सांगू नकोस हं." या माणसाच्या पोटात तीळ भिजत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आठवड्याभरात रंगाऱ्याचा उलटा फोन आला. "अरे, आज कुणीतरी मागून हाक मारली, 'ग्रीस्या!' आणि मिस्त्रीनं चक्क ओ दिली."

त्यानं फोन बायकोच्या कानाला लावला. "पुन्हा सांग," तो म्हणाला. "हिला ऐकू दे."