अंगणातला तेलाचा डाग

मंडळी, आज सकाळी जुन्या गाडीखाली पुन्हा तेलाचा डाग. उद्या बायकोला बाळंतपणासाठी पाथर्डीहून नगरला न्यायचंय, आणि वाटेत घाट आहे.

यंदाच्या दुष्काळात प्यायला पाणी नाही, मग इंजिन धुणार कशानं? रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, वर बायकोची तोंडाला लावायची पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू केलं. सगळ्यात आधी पावडर ओली झाली ती वरच्या झाकणाच्या कडेला. तिथलं, झाकणाखालचं बुचाच्या सालीचं पॅकिंग कुजलं होतं. नवं कापून बसवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं. दुपारपासून वाकून वाकून बघतोय, कागद कोरडाच.

बायको म्हणाली, "व्हय, पन गाडी उभी हाय. घाटात खाली वाकून कोन बघनार?"

तुम्ही निघाला असता का?