रकान्यातलं नाव
लाकडी जमिनीला लावायच्या मेणाचा वास आला की मला जर्मनीतल्या कार्ल्सरूहेमधली जन्म-मृत्यू नोंदणीची कचेरी आठवते. साठच्या दशकाची सुरुवात होती, मी तिथे शिकत होतो आणि जर्मन जेमतेम यायचं. आमची मुलगी दोन दिवस जगून गेली होती, बायको अजून इस्पितळातच होती. काउंटरमागच्या वयस्कर बाईंनी फॉर्मच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मुलीचं नाव विचारलं. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी करतात, हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. "नाव नाही," एवढंच मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो. "नावाशिवाय दफनाचा कागद मिळणार नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग सुचलं ते नाव मी सांगितलं. त्यांना स्पेलिंग कळेना, तेव्हा कागदावर एकेक अक्षर लिहून दिलं. इस्पितळात परतल्यावर बायकोने विचारलं, "अहो, काय विचारलं हो त्यांनी?" मी म्हणालो, "काही नाही, सह्या घेतल्या." पुढे आम्हाला मूल झालं नाही. बायकोला जाऊनही आता चार वर्षं झाली. ते नाव मी तिला शेवटपर्यंत सांगू शकलो नाही.