माझं घर भाऊकाकांच्या घरात

तुम्ही चहा ओतलाच आहे, तर सांगून टाकते. फक्त एक अट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी उठून जाईन. वर्ष होत आलं, तरी ती सकाळ आठवली की माझे कान गरम होतात.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचा अधिकार फक्त मला होता. हेडमास्तरसुद्धा विचारून हात लावायचे! निवृत्त झाले, तरी वाडीत मी अजून 'कॉम्प्युटरच्या बाई'च. कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा फॉर्म अडला, की माझ्या पडवीत हजर. आणि येईल त्याला माझे दोन उपदेश ठरलेले. एक, बॅकअप घेऊन ठेवा. दोन, पडद्यावर काय विचारलंय ते वाचल्याशिवाय 'होय' दाबू नका.

हे दोन्ही उपदेश लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहेत.

आमच्या शेजारी, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे भाऊकाकांचं घर. काकांचं सगळं आयुष्य बोटीवर गेलं. काकी गेल्यावर त्यांचा मुलगा सुहास त्यांना मुंबईला घेऊन गेला. दोन वर्षं घर बंद, चावी माझ्याकडे. काका दर रविवारी फोन करायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "गो, माझो माड कसो आसा?" आपली तब्येत, माझी तब्येत, सगळं त्या माडाच्या नंतर. चौथ्या मजल्यावर माणूस नुसता वाळत चालला होता.

शेवटी गेल्या वर्षी काकांनी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा सुहास नमला. पण अट घातली. बाबा गावात एकटे राहणार असतील, तर घरात अलार्म पाहिजे, आणि तो नीट चालतो हे मी स्वतः बघणार. नाही चाललं, तर बाबा माझ्याबरोबर परत.

आमच्याकडे असा अलार्म आधीच होता. कुडाळचा मंगेश, माझाच विद्यार्थी, त्यानं बसवलेला. भिंतीवर एक पांढरी पेटी, तिला म्हणायचं पॅनल. दारांना सेन्सर, छपराखाली भोंगा. अलार्म चालू असताना दार उघडलं की भोंगा वाजणार आणि फोनवर मेसेज येणार; भोंगा बंद करायला प्रत्येक घराचा आपला चार आकडी नंबर. काकांच्या घरी त्यानं तसंच पॅनल बसवलं आणि वर काकांच्या गळ्यात घालायला एक बटण दिलं. पडले, छातीत कळ आली, तर बटण दाबायचं. मेसेज थेट सुहासच्या फोनवर. इंटरनेट आमचंच, गडग्यावरून वायर टाकून तिकडे नेलेलं. म्हणजे माझ्या पडवीत बसून लॅपटॉपवर मला दोन्ही पॅनल दिसायची. कसली ऐट होती माझी!

जाताना मंगेश म्हणाला, "बाईनु, पाऊस जवळ इलो. वीज कडाडली काय पॅनल उडता. मगे सगळी सेटिंगा पयल्यापासून घालूची लागतत. दोनय घरांचो बॅकअप घेवन ठेवा."

"अरे, बॅकअप म्हणजे काय ता माका शिकयतस?" मी म्हटलं. तो बिचारा ओशाळून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन पडवीत बसले. आधी आमच्या घराचा बॅकअप घेतला. छान झाला. मग नेटवर्कवरून काकांचं पॅनल उघडलं. पडद्यावर दोन बाण होते. एक पॅनलकडून कॉम्प्युटरकडे, म्हणजे बॅकअप घ्यायचा. दुसरा कॉम्प्युटरकडून पॅनलकडे, म्हणजे घेतलेला बॅकअप परत आत घालायचा. सोपं आहे ना? पाचवीतलं पोरसुद्धा चुकणार नाही.

आणि नेमकी तेव्हाच फाटकात मासेवाली शेवंती आली. टोपलीत बांगडे. कसले बांगडे! नुसते चकचकत होते.

"बाईनु, ह्ये देव काय? की ते मोठे होये?"

माझा एक डोळा टोपलीत, एक पडद्यावर. एक बाण दाबला. पडद्यावर काहीतरी चौकट आली, त्यात चार ओळी मजकूर.

"व्हय गो, व्हय, तेच दी!" मी ओरडले, आणि बोटानंही 'होय' दाबून टाकलं.

बांगडे घेऊन परत आले, तर पडद्यावर हिरवी खूण. पण काकांच्या घराची फाइल कुठे दिसेना. काहीतरी अर्धवट राहिलं असेल, असं म्हणून मी पुन्हा बाण दाबला. या वेळी नीट बघून, बरोबर दाबला. फाइल आली. ती पेनड्राइव्हवर घातली, वर स्वतःलाच ईमेलही केली. मग बांगडे तळायला गेले. त्या चौकटीत काय लिहिलं होतं, ते विचारू नका. मलाही नंतरच कळलं.

सुहास काकांना घेऊन गुरुवारी पहाटे पोचला, आणि त्याची परीक्षा ठरली त्याच सकाळी. त्यानं मालवण बाजारात जाऊन बसायचं, मुंबईत आहे असं धरून. काकांनी अलार्म चालू करून घरात एकट्यानं राहायचं आणि मनात येईल तेव्हा बटण दाबायचं, कुणाला न सांगता. सुहासच्या फोनवर मेसेज आला, की काका गावात राहणार. त्याला सोबत म्हणून आमचे हेही मालवणला गेले. जाताना काका फाटकात उभे राहून मला हळूच म्हणाले, "बाये, सगळा तुझ्यार आसा हां." मी हातानंच सांगितलं, काळजी सोडा.

मी देवळात गेले. महिला मंडळाची सभा होती, आम्ही दहा-बाराजणी. कोकमाच्या सरबताचं बोलणं चाललं होतं आणि माझा फोन किंचाळला. बघते तर मेसेज! 'धोका. मागचं दार उघडलं.'

आमचं मागचं दार! मी स्वतः कुलूप लावून आलेली!

तेवढ्यात ह्यांचा फोन. "गो, मागचा दार उघडला म्हणता! तू खंय आसस?"

"देवळात! घरात कोण नाय!"

"मगे चोर!"

बस. 'चोर' हा शब्द ऐकल्यावर महिला मंडळ काय सभा करत बसतंय? सगळ्या उठल्या. मंडळाच्या अध्यक्ष सुमनवहिनींनी सरबताचा डाव उचलला. देवळाचे गुरव नारळ सोलत होते, ते कोयता घेऊनच निघाले. आणि सगळ्यांच्या पुढे मी, एका हातात चप्पल, एका हातात फोन.

वळणावर आलो आणि भोंगा ऐकू आला. मग तर शंकाच नको! दोन घरांमध्ये तेवढा एक गडगा. लांबून कुणाला कळणार की भोंगा अलीकडचा की पलीकडचा? मला तर तो माझाच वाटला. आम्ही घराला वेढा घातला. मागच्या दाराला कुलूप जसंच्या तसं होतं.

"भायर कुलूप, तर चोर आत कसो गेलो गो?" सुमनवहिनी.

"आतून लावलं असेल," मी म्हटलं. बाहेरचं कुलूप आतून! पण त्या वेळी एकीनंही मला वेड्यात काढलं नाही, उलट सगळ्यांनी माना डोलावल्या.

"चोर! चोर! भायर ये!" सगळ्याजणी ओरडायला लागल्या.

आणि गडग्यावर मागून एक हात आला. मग काठी आली. मग एक पाय. मी मागचापुढचा विचार केला नाही. न्हाणीघराशी बादली भरून ठेवलेली होती, सकाळी शेवंतीकडून पुन्हा घेतलेले बांगडे धुतलेल्या पाण्याची, माडाच्या आळ्यात घालायची म्हणून. उचलली आणि ओतली अख्खी.

"आवशीक खाव्!" अशी एक खणखणीत शिवी आली, आणि मी जागच्या जागी गोठले.

ते भाऊकाका होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोक्यावरून पाणी गळतंय, खांद्यावर बांगड्याचं शेपूट, गळ्यात ते बटण.

"काकानु, तुमी?"

"मगे कोण? मियां बटाण दाबलंय. भोंगो वाजाक लागलो, बंद करूक माझो नंबर घालतंय तर तो घेणा नाय. कोण येणा नाय. इतक्यात तुझ्या परड्यात चोर चोर आयकाक इला. म्हटलां, बाय एकटी आसा, जावक व्हया. म्हणान काठी घेवन धावलंय!"

तुम्हीच सांगा, मी कुठे तोंड लपवणार? ज्यांची राखण करायची, ते माझी राखण करायला आले, आणि मी त्यांच्या अंगावर माशांचं पाणी ओतलं. गुरवांनी कोयता हळूच पाठीमागे लपवला.

तेवढ्यात रिक्षा आली. सुहास आणि आमचे हे. सुहासनं एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा बायकांच्या घोळक्याकडे, एकदा भोंग्याकडे. भोंगा अजून वाजतच होता, आणि तो पलीकडच्या घरातून वाजतोय हे आता सगळ्यांनाच कळलं होतं.

"माझ्या फोनवर एकही मेसेज आला नाही," तो शांतपणे म्हणाला. "खरंच काही झालं असतं तर? बाबा, अंग पुसा आणि बॅग भरा."

काकांनी खांद्यावरचं शेपूट काढलं आणि माडाकडे बघत उभे राहिले. 

खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. मी काय केलं असेल? मी मंगेशवर ढकललं! सगळ्यांच्या देखत त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला आणि झापायला सुरुवात केली. "काय रे, कसला पॅनल बसवलंस? म्हाताऱ्या माणसाच्या जिवाचो खेळ केलंस!"

पोरगा म्हणाला, "बाईनु, आधी भोंगो बंद करया. काकांच्या पॅनलार तुमच्या घराचो नंबर घालून बघा."

"माझो कित्याक?"

"घाला तर खरो."

आम्ही सगळे काकांच्या घरात गेलो. मी माझ्या घराचे चार आकडे दाबले. भोंगा बंद झाला.

 दहा-बाराजणी, गुरव, सुहास, काका, आमचे हे, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि फोनमधून मंगेश बोलत होता. "बाईनु, तुमी बॅकअप घेवक नाय. तुमच्या घराची सेटिंगा काकांच्या पॅनलात घातलात. त्येंचो नंबर गेलो, सुहासदादाचो फोन गेलो. बटाण तीन नंबराक आसा, नि तुमच्याकडे तीन नंबर म्हणजे मागचा दार. पॅनलान तुमका विचारल्यान नाय? आधीचा सगळा जातला, नक्की काय, म्हणान?"

ती चार ओळींची चौकट! शेवंतीच्या टोपलीमागे राहिलेली!

"पण माझ्याकडे काकांचो बॅकअप आसा!" मी शेवटचा जोर लावला आणि पेनड्राइव्ह काढला. लॅपटॉप आणून फाइल उघडली. आतही माझंच घर निघालं. गोंधळ करून झाल्यावर मी त्या गोंधळाचा बॅकअप घेतला होता, आणि वर ईमेलही केला होता! आमच्या घराचे माझ्याकडे तीन-तीन बॅकअप होते, काकांच्या घराचा एकही नव्हता.

मग मात्र मी खाली बसले. म्हटलं, "सुहास, पॅनल चांगलं आहे, मंगेश चांगला आहे. चूक माझी, आणि वर खोटेपणाही माझाच. माझी शिक्षा काकांना देऊ नकोस रे." बोलताना रडूच आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणासमोर रडले नव्हते.

सुहासनं खिडकीतून गडग्याकडे बघितलं. मग वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही गडगा चढलात?"

"मगे? उडान येवक काय मी पाखरू आसंय?"

"मुंबईत तुम्हाला जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट बंद असली की खालीच बसता."

काकांनी जीभ चावली. सुमनवहिनींनी डाव तोंडासमोर धरला. सुहासलाही हसू आवरलं नाही. "मंगेशला संध्याकाळपर्यंत बोलवा," तो म्हणाला. "सगळं परत नीट करू दे, मग मी पुन्हा बाजारात जाऊन बसतो. आणि बाई, बॅकअप मंगेशच घेईल."

मंगेश चार वाजता आला. सगळं पुन्हा घातलं, काकांनी बटण दाबलं आणि मालवणात सुहासचा फोन वाजला. काका राहणार हे नक्की झालं. मंगेशनं माझ्यासमोर बॅकअप घेतला, चौकटीतल्या चारही ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि मगच 'होय' दाबलं. शाळेत त्याला मीच असं करायला लावायची.

सुहास निघायच्या आधी काकांनी अंगणात राखणदाराला, म्हणजे जागेच्या देवाला, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. सकाळचीच सगळी मंडळी हात जोडून मागे. मी सगळ्यात शेवटी, मान खाली घालून.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा! मी आज माझ्या घराक परत इलंय, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या झिलाक मुंबयत सुखान ऱ्हवांदे, त्येच्या जिवाचो घोर कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझं लक्ष खरं तर त्या गडग्याकडे होतं. सकाळी बादली ओतताना आपला चेहरा कसा दिसत असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

"आणि ह्या आमच्या शेजारच्या बाईक उदंड आयुष्य दी, पण लॅपटॉपाक हात लावची बुद्धी परत कधी देव नको रे म्हाराजा!"

सगळे तोंड दाबून हसत होते, म्हणून कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. अख्ख्या अंगणात एकटीचा खणखणीत आवाज आला, तो माझा.

"व्हय म्हाराजा!"